पावतीवर ठरलेला आवाज

1981 सालच्या ऑक्टोबरात, दिवाळी अगदी तोंडावर आली असताना, मुंबईच्या गिरण्यांत बोनसचा करार जाहीर झाला. कामगारांच्या वतीने सही होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाची. टक्केवारी ऐकून विणाईच्या साचेखात्यापासून कताईच्या थ्रॉसलपर्यंत कुरकुर सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत तिचा संताप झाला. काही गिरण्यांतले कामगार काम टाकून बाहेर पडले. त्यांचा जमाव परळच्या ‘मजदूर मंझिल’कडे, म्हणजे ज्या युनियनने सही केली तिच्या कचेरीकडे, दाद मागायला गेला नाही. तो गेला थेट घाटकोपरला, पंतनगरात, डॉ. दत्ता सामंत यांच्या दारात.

सामंत मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. घाटकोपरात दवाखाना चालवता चालवता दगडखाणीतल्या मजुरांचे प्रश्न त्यांच्या हाती आले आणि तिथून ते कामगार पुढारी झाले. मोटार आणि इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढी चाळीचाळींत ठाऊक होत्या. पण सगळ्या गिरणी कामगारांचे नेतृत्व त्यांनी तोवर केलेले नव्हते आणि सुरुवातीला ते राजीही नव्हते, असेच त्या काळाच्या बहुतेक नोंदी सांगतात. कारण त्यांना कायदा माहीत होता. गिरणीतला प्रत्येक माणूस जरी उद्या त्यांच्यामागे उभा राहिला असता, तरी गिरणीमालकांशी बोलणी करण्याचा अधिकार त्यांना मिळणार नव्हता. तो अधिकार दुसऱ्याच युनियनच्या नावावर नोंदलेला होता.

आपल्याला नको असलेली युनियन बदलायची कशी, हा साधा प्रश्न अडीच लाख माणसांना पडला होता आणि त्याचे सोपे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. हा पेच एका दिवाळीत तयार झालेला नव्हता. त्याच्यामागे अर्ध्या शतकाचा इतिहास होता.

मुंबईत कापडगिरणी उभारण्याचा उद्योग कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये आरंभला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ताडदेवपासून परळ-लालबागपर्यंत धुराडी उभी राहिली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे भोंग्यावर जगू लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये परळला सभा घेऊन कामगारांचे गाऱ्हाणे लेखी मांडले. रविवारची सुट्टी मिळायला त्यानंतर 1890 चा जून उजाडला. लोखंडे यांची बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन आजच्या अर्थाने युनियन नव्हती. तिला सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, घटना नव्हती. कामगार आणि मालक यांच्यामध्ये त्या काळी खरा उभा होता तो जॉबर. तोच माणूस भरती करी, तोच काढी, तोच उधार पैसे देई, आणि बऱ्याचदा संपही तोच घडवून आणी.

ही घडी मोडली 1928 मध्ये. मंदी आणि जपानी कापडाची स्पर्धा यांनी बेजार झालेल्या मालकांनी एका विणकराकडे दोनऐवजी तीन साचे, कताईत एकाकडे दोन बाजू, अशी कामाची नवी वाटणी सुरू केली. एप्रिलमध्ये संप झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. ना. म. जोशी यांच्यासारखे नेमस्त आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट एकाच संप समितीत बसले. त्या संपातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘लाल बावटा’, उभी राहिली. वर्ष संपेपर्यंत तिची सभासदसंख्या 50 हजारांच्या पुढे गेली. तिचे खरे बळ मात्र गिरणीगिरणीत निवडलेल्या समित्यांत होते. खात्यातला माणूस खात्याचे गाऱ्हाणे मांडू लागला आणि जॉबरला वळसा घालून गोष्टी वरपर्यंत जाऊ लागल्या.

मालक आणि सरकार दोघेही हादरले. मार्च 1929 मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी युनियनच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्याच वर्षीचा दुसरा मोठा संप फसला आणि लाल बावट्याचे सभासद पांगले. तरीही 1934 मध्ये पुन्हा मोठा संप झाला. तेव्हा मुंबई सरकारने तडजोडीचा एक कायदा करून लेबर ऑफिसर नेमला. त्याने कामगारांची बाजू मालकांपुढे मांडावी, अशी योजना होती. बाहेरचा पुढारी आत येऊ नये म्हणून कामगारांसाठी बोलणारा माणूस सरकारनेच द्यायचा, हा त्यातला विचार पुढच्या कायद्यांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

1937 मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. निवडणुकीत कामगारांना आश्वासने दिलेली होती आणि रोज कुठेतरी संप होत होते. या मंत्रिमंडळापुढे एक आदर्श होता तो अहमदाबादचा. 1918 च्या तिथल्या लढ्यात गांधीजींनी उपोषण केले, प्रश्न लवादाकडे गेला आणि दोन वर्षांनी मजूर महाजनची स्थापना झाली. अनसूयाबेन साराभाई यांची ही संघटना आणि तिथले गिरणीमालक यांच्यात वाद झाला की लवाद, मग निवाडा, आणि निवाडा दोघांनी पाळायचा, अशी रीत पडली होती. मजूर महाजनमध्ये तयार झालेले गुलझारीलाल नंदा मुंबई सरकारात संसदीय सचिव होते. अहमदाबादेत जमले ते मुंबईत का जमू नये, असे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होते.

पण दोन्ही शहरांचा पोत निराळा होता. अहमदाबादचे मालक बहुतांशी एकाच व्यापारी समाजातले, एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यातले. मुंबईत पारशी, भाटिया, खोजा, ज्यू, युरोपीय असे अनेक. तिथली संघटना मालकाच्या कुटुंबातल्याच एका स्त्रीच्या पुढाकाराने आणि गांधींच्या नैतिक वजनाने उभी राहिलेली. इथली संघटना सहा महिन्यांच्या उपासमारीत घडलेली. अहमदाबादेत आधी विश्वास आला आणि मग रीत आली. मुंबईत ती रीत कायद्याने आणायची ठरली आणि विश्वास मागाहून येईल असे गृहीत धरले गेले. मला वाटते, पुढच्या सगळ्या इतिहासातली मूळ चूक इथे आहे.

सप्टेंबर 1938 मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयक आले. संपापूर्वी नोटीस आणि तडजोडीची लांबलचक प्रक्रिया सक्तीची झाली. ती पार पाडली नाही तर संप बेकायदा, आणि बेकायदा संपाला शिक्षा. युनियनची नोंदणी करतानाही मालकाची मान्यता असेल तर थोड्या सभासदांवर भागे, नसेल तर कितीतरी जास्त सभासद दाखवावे लागत. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर 15 सप्टेंबरला या विधेयकावर बोलले. त्यांचा मुद्दा कायदेपंडिताचा होता आणि तितकाच माणुसकीचाही. नोकरीचा करार मोडणे ही फार तर दिवाणी बाब आहे, तिला फौजदारी गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे, आणि त्याचे नाव गुलामगिरी. स्वातंत्र्याचा हक्क मान्य असेल तर संपाचा हक्कही मान्य करावा लागेल, अशी त्यांची मांडणी होती.

हे बोलणारे आंबेडकर दहा वर्षांपूर्वी संपाच्या पुढाऱ्यांवर टीका करत होते, हे विसरून चालणार नाही. साचेखात्यात चांगला पगार मिळे. पण तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात पाऊल टाकू दिले जात नसे. 1928 च्या मागण्यांत ही बंदी उठवण्याला जागा द्या, असा आग्रह त्यांना धरावा लागला होता. कम्युनिस्टांशी त्यांचे मतभेद मिटलेले नव्हते. तरी 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. जमनादास मेहता यांच्यासारखे पुढारी सोबत होते. गिरणगाव, म्हणजे गिरण्यांचा सगळा परिसर, त्या दिवशी बंद राहिले आणि पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक मात्र बहुमताने मंजूर झाले.

युद्ध संपल्यावर काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली. नंदा आता मजूरमंत्री होते. 1938 च्या कायद्यातून पुढची पायरी म्हणून त्यांनी मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 आणला. सप्टेंबर 1947 च्या अखेरीस, स्वातंत्र्याला दीड महिना होत असताना, तो अमलात आला. गिरणगावात त्याला सगळे त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखत, ‘बीआयआर ॲक्ट’.

या कायद्याचा कणा म्हणजे प्रातिनिधिक युनियन. एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन. पुढे सर्वपरिचित झालेल्या नियमाप्रमाणे त्यासाठी उद्योगातल्या 25 टक्के कामगारांची वर्गणी भरलेली सभासदी सलग तीन महिने दाखवायची. ती दाखवायची पावतीपुस्तकांवरून आणि नोंदवह्यांवरून. निबंधकाने तपासले, दाखला दिला, की ती युनियन उद्योगातल्या सगळ्याच कामगारांची, सभासद असो वा नसो. तिने केलेला करार शंभर टक्के कामगारांना बांधी. पगार, बोनस, पाळ्या, कामाचे प्रमाण या कशातही बदल हवा असेल तर रीतसर नोटीस तिनेच द्यायची. मग तडजोड अधिकारी, मग लवाद किंवा औद्योगिक न्यायालय. गुप्त मतदान कुठेच नव्हते. चारातल्या एका कामगाराच्या पावतीवर चौघांचा आवाज ठरत होता.

कायद्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे खूप आहे, आणि ते बोलले पाहिजे. मालकाला पाच युनियनांशी पाच करार करावे लागले तर कारखाना चालत नाही. कामगारांचीही ताकद पाच ठिकाणी विखुरते. एक उद्योग, एक युनियन हे सूत्र जगभरच्या कामगार चळवळीने स्वतःच मागितलेले आहे. शिवाय या व्यवस्थेने ठोस काही दिले. 1947 मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या सर्व गिरण्यांतले पगार एका प्रमाणावर आले. तोवर एकाच कामाला या गिरणीत एक आणि शेजारच्या गिरणीत दुसरा दर असे. सर्वांत खालच्या कामगाराला 26 दिवसांच्या कामाचे 30 रुपये मूळ वेतन ठरले आणि महागाईभत्त्याची सांगड राहणीमानाच्या निर्देशांकाशी घातली गेली. देशातल्या कितीतरी उद्योगांना हे पुढे अनेक वर्षांनी मिळाले. गिरणीत कायम झालेल्या माणसाला गावाकडे लग्नाच्या बाजारात भाव होता, त्याचे कारण हेच.

प्रातिनिधिक युनियन म्हणून मान्यता मिळाली राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. काँग्रेसच्या विचाराची, इंटक या मध्यवर्ती कामगार संघटनेशी जोडलेली ही संघटना गं. द. आंबेकर यांच्यासारख्यांनी उभी केली होती. आंबेकरांच्या निष्ठेबद्दल त्यांच्या विरोधकांनीही फारशी शंका घेतली नाही. प्रश्न माणसांचा नव्हताच. मान्यता एकदा मिळाली की ती टिकवायला कामगारांकडे जायची गरज उरत नव्हती, हा तो प्रश्न होता.

पहिली कसोटी लवकरच आली. 1950 च्या ऑगस्टमध्ये बोनसवरून समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने संप पुकारला. सुमारे दोन लाख कामगार 63 दिवस बाहेर राहिले. एवढी माणसे ज्यांच्या हाकेला ओ देतात त्यांच्याशी सरकारने बोलायला हवे होते, असे आज कुणालाही वाटेल. पण कायद्याच्या नजरेत त्या सभेला अस्तित्वच नव्हते. संप बेकायदा ठरला आणि मोडला. 1974 च्या आरंभी डांगे यांच्या युनियनने 42 दिवस संप केला, तेव्हाही लढले एक आणि करारावर सही दुसऱ्याची, हेच झाले.

या कायद्यातली गाठ उलगडून पाहण्यासारखी आहे. मान्यता नसलेली युनियन बदलाची नोटीस देऊ शकत नाही. नोटिशीशिवाय झालेला संप बेकायदा. आणि बेकायदा संपाला चिथावणी दिली तर नोंदणीचीच वाट बंद. म्हणजे कामगार आपल्यामागे आहेत हे दाखवण्याचा जो एकमेव उघड मार्ग, तोच मान्यतेच्या आड येणारा. उरला मार्ग पावत्या फाडण्याचा. पण पावतीपुस्तक घेऊन खात्यात फिरायला मान्य युनियनच्या माणसाला जी मुभा असे ती इतरांना कुठून असणार?

न्यायालयांनी ही गाठ आणखी घट्ट केली. अहमदाबादच्या एका गिरणीचा खटला 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. प्रातिनिधिक युनियन कामकाजात हजर झाली की कामगाराला स्वतः उभे राहता येणार नाही, मग युनियनने त्याच्या विरुद्ध भूमिका घेतली तरी, असा निर्णय झाला. कायद्याचे शब्दच तसे होते. युनियन पटत नसेल तर कामगारांनी तिची जागा दुसरीला द्यावी, हा त्यामागचा तर्क. ज्या अहमदाबादच्या विश्वासावर हा कायदा बेतला होता, त्याच शहरात कामगाराला आपल्याच प्रतिनिधीच्या विरोधात न्यायालयाचे दार बंद असल्याचे कळले.

न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय श्रम आयोगाने 1969 च्या अहवालात युनियनच्या मान्यतेचा प्रश्न सविस्तर हाताळला. सभासदांची पडताळणी की गुप्त मतदान, यावर देशातल्या मध्यवर्ती संघटनांतच फूट होती आणि आयोगाने एका बाजूला कौल दिला नाही. महाराष्ट्राने 1971 मध्ये युनियनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांसाठी नवा कायदा केला. त्यात 30 टक्के सभासदांची अट आली आणि मालकाच्या गैरवर्तनाविरुद्ध दाद मागण्याची चांगली सोय झाली. पण मान्यतेची त्यातली तरतूद कापडगिरण्यांना लागू झाली नाही. गिरणी कामगार 1946 च्याच चौकटीत राहिले.

या मधल्या काळात गिरणगावच्या घराघरांत एक नवी तुलना सुरू झाली होती. एकेकाळी गिरणीतला पगार शहरातल्या कामगारांत वरच्या पायरीवर होता. 1960 च्या सुमारास केंद्रीय वेतन मंडळाने मूळ वेतनात आधी 8 आणि मग 2 रुपयांची वाढ सुचवली होती. त्यानंतर मूळ वेतन कासवाच्या गतीने हलले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि पूर्व उपनगरांत औषधांचे, रसायनांचे, इंजिनिअरिंगचे कारखाने आले. त्यांत कारखान्यागणिक करार होत. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, वाढीव रजा तिथे मिळू लागल्या. एकाच चाळीतल्या एकाच खोलीत बाप गिरणीत आणि मुलगा इंजिनिअरिंग कारखान्यात, आणि मुलाचा पगार पहिल्याच वर्षी बापापेक्षा जास्त, हे चित्र सर्रास दिसू लागले. त्यातही बदली कामगारांचे हाल वेगळे. पाळीच्या वेळी गेटवर हजर व्हायचे, कायम कामगार गैरहजर असला तर आत, नसला तर घरी. दहा-दहा वर्षे बदलीवर काढलेली माणसे होती.

असा सगळा साठा भरलेला असताना 1981 चा बोनस आला.

सामंत यांनी अखेर होकार दिला आणि महाराष्ट्र गिरणी कामगार युनियनची स्थापना केली. मागण्या होत्या पगारवाढ, भत्ते, बदली कामगारांना कायम करणे, आणि त्यांच्या जोडीला बीआयआर कायदा रद्द करणे. पोटाच्या मागण्यांच्या यादीत एका कायद्याचे नाव असावे आणि ते साच्यावरच्या माणसाला तोंडपाठ असावे, यावरून त्याची झळ किती खोल गेली होती ते कळते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. जवळपास 60 गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. राज्यात त्या आठवड्यात स्थिर सरकारही नव्हते. अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला होता आणि बाबासाहेब भोसले यांचा शपथविधी संपाच्या चौथ्या दिवशी, 21 जानेवारीला झाला.

गिरणीमालक संघाने पहिल्या दिवसापासून एकच उत्तर दिले. संप बेकायदा आहे आणि बोलणी करायची तर ती मान्यताप्राप्त युनियनशीच करू. कायद्याप्रमाणे ते बरोबर होते. केंद्र सरकारही हटले नाही. सामंत यांना गिरण्यांत मान्यता मिळाली तर बंदर, गोदी, इतर उद्योग एकामागून एक त्यांच्याकडे जातील, ही भीती उघड बोलली जात होती. कित्येक मालकांकडे तयार कापडाचे साठे पडून होते. जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या गिरण्यांना सुरुवातीचे काही महिने तर संप फारसा बोचलाही नाही.

कामगार गावी गेले. कोकणात आणि घाटावर ज्यांचा जमिनीचा तुकडा होता ते त्यावर राबले, ज्यांचा नव्हता ते दुसऱ्यांच्या बांधावर. लाल निशाण पक्षाचे कार्यकर्ते आणि इतरांनी खेड्यापाड्यांतून धान्य गोळा करून गिरणगावात वाटले. ज्या खाणावळींवर एकटे राहणारे कामगार जेवत, त्या चालवणाऱ्या बायांवर मोठा भार आला. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायांना एकत्र आणले होते. या बायांचे अर्थकारण महिन्याच्या पगारावर उभे होते, आणि पगारच थांबला होता. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी पुढे गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या. त्या वाचताना संपाच्या आकड्यांमागची घरे दिसू लागतात.

ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले, लष्कर बोलवावे लागले आणि संपकरी कामगारही रस्त्यावर आले. सप्टेंबरात मोर्चे, जेलभरो. पहिल्या वर्षाअखेरीस काही गिरण्यांची धुराडी पुन्हा धूर ओकू लागली, तरी कामगारांचा मोठा भाग बाहेरच होता. फेब्रुवारी 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले, तेव्हाही तोडगा निघाला नाही. संप कोणी मागे घेतला नाही. तो अधिकृतपणे आजही मागे घेतलेला नाही. माणसे एकेक करून गेटवर परत गेली आणि त्यांतल्या हजारोंना आत घेतले गेले नाही.

या संपाचा पराभव एकट्या कामगारांचा झाला असे म्हणतात, ते मला अपुरे वाटते. मालकांना कायद्याने एक सोयीचे टेबल दिले होते. पलीकडे एकच माणूस, एकच सही. त्या सहीची किंमत एवढीच होती की तिच्यामागे कामगार यावेत. 1981 मध्ये ते येत नाहीत हे उघड झाले, आणि तरीही मालक त्याच सहीला धरून बसले. ज्या गिरण्यांना यंत्रे बदलायला, भांडवल आणायला, कामगारांशी नवी घडी बसवायला कराराची खरी गरज होती, त्यांना दीड वर्ष असा करार करणारा कोणी मिळालाच नाही. तोवर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी बाजार व्यापला. तिथे बीआयआर कायद्याची कटकट नव्हती आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कुठल्याही कामगार कायद्याची अंमलबजावणीही नव्हती. बारा तासांची पाळी, नोंद नसलेला कामगार. लोखंडे यांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या गोष्टींविरुद्ध अर्ज केला होता, त्या या यंत्रमागांच्या गावांत नव्याने सुरू झाल्या.

ऑक्टोबर 1983 मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या 13 गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. 1984 च्या निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, गिरणगावाने दत्ता सामंत यांना दक्षिण-मध्य मुंबईतून लोकसभेवर पाठवले. कामगार कुणामागे आहेत हे गुप्त मतपेटीतून सांगण्याची संधी त्यांना अखेर मिळाली, पण ती लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याखाली. कामगार कायद्याखाली प्रतिनिधी तोच राहिला. गिरण्या आजारी पडत गेल्या, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, आणि त्या वाटाघाटींतही कायदेशीर सही मान्यताप्राप्त युनियनचीच लागत होती. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत सामंत यांची हत्या झाली. संपाला पंधरा वर्षे व्हायला तेव्हा दोन दिवस बाकी होते.

नंतरचा झगडा जमिनीचा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांना, तिसरा परवडणाऱ्या घरांना आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी सांगितली. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तो बदल ग्राह्य धरला. जिथे साचे धडधडत तिथे मॉल आणि मनोरे आले. कामगार संघटनांनी एक गोष्ट मात्र लढून पदरात पाडून घेतली. गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या घरांत कामगारांचा वाटा.

युनियनच्या मान्यतेचा नियमही पुढे बदलला. संसदेने 2020 मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणाऱ्या एकमेव युनियनसाठी हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा हवा, अशी अट आहे. कुणालाच तेवढा नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद. चारातला एक पुरेसा मानणाऱ्या जुन्या व्यवस्थेपासून हे बरेच लांब आले आहे. मुंबईच्या गिरण्यांत तोवर हजेरीपटच जवळजवळ उरले नव्हते.

कामगारांच्या वाट्याला आलेल्या त्या घरांसाठी म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, 2012 च्या जूनमध्ये पहिली मोठी सोडत काढली. घरे 6,925 होती आणि अर्ज सुमारे दीड लाख. पात्रतेची अट अशी होती की अर्जदार 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. त्यासाठी माणसांनी कोकणातल्या घरांच्या माळ्यांवरून पत्र्याच्या ट्रंका खाली काढल्या. तिकीट नंबर असलेला गिरणीचा पास, राज्य विमा योजनेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, पगाराची पिवळी पडलेली पावती. जे कामगार हयात नव्हते त्यांच्या बायका किंवा मुले ही कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून रांगेत उभी राहिली, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाने एकेक नाव पटाशी ताडून पाहिले.